बिघाडांचा हिवाळा

टोर्फी आइस्क्रीमच्या फ्रीझरमागे गुडघे टेकून बसला होता. दुकानदार केटिलला तो हातातला प्लग दाखवत होता.

“हा भिंतीतून निघालेला होता.”

“असं?” केटिल म्हणाला. “आपोआप निघाला असेल.”

“आपोआप?”

“थरथरतो ना फ्रीझर. हळूहळू सरकत सरकत येतो तो बाहेर.”

“आणि आतलं आइस्क्रीम? ते आधीच काढून मागच्या पेटीत नीट रचून ठेवलंयस. प्लग सरकणार आहे हे तुला आधी कळलं होतं?”

केटिलने फडकं घेतलं आणि काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होता. “दुकानदाराला अंदाज येतो,” तो म्हणाला. “बस जरा. दालचिनीचे पाव गरम आहेत. कॉफी ओततो.”

टोर्फीने प्लग भिंतीत खोचला, फ्रीझर घुमायला लागला, आणि हत्यारांची पेटी उचलून तो निघाला. कॉफी मात्र पिऊन गेला. केटिलने कप हातातच दिला होता.

आमच्या काल्दाविक गावाच्या तीन बाजूंना डोंगर आहेत आणि चौथ्या बाजूला समुद्र. नोव्हेंबर संपता संपता सूर्य दक्षिणेच्या डोंगराआड जातो तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत वर येत नाही. दुपारी जरा उजाडल्यासारखं होतं, निळसर, आणि लोक तेवढ्यात मुलांना बाहेर काढतात, कुत्री फिरवतात, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतात. मग पुन्हा दिवे. आम्हाला त्याचं काही वाटत नाही असं आम्ही एकमेकांना सांगतो. कॉड माशाच्या तेलाचा चमचा घेतो, गरम पाण्याच्या तलावात पोहायला जातो, खिडकीत दिव्यांची माळ लावतो, आणि एकमेकांच्या घरी जाऊन लोकरीच्या विणकामाच्या नावाखाली केक खातो.

टोर्फी मासळीच्या कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा, आणि गावात काहीही बिघडलं की लोक त्यालाच बोलवायचे. अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, उन्हाळ्यात गावातला सगळ्यांत विनोदी माणूस. हिवाळ्यात तो थकायचा. ‘थकवा’ हा त्याचा आणि त्याची बायको हेर्दिस हिचा ठरलेला शब्द. जेवताना कोणी बोललं की तो ऐकायचा, पण ते बोलणं जाड लोकरीतून आल्यासारखं यायचं. पेपरातली एकच ओळ तो तीनतीनदा वाचायचा. कामावर वेळेवर जायचा आणि घरी आला की कोट न काढता ओट्याजवळ उभा राहायचा, कशासाठी आलो होतो ते विसरून. हेर्दिस त्याचा कोट काढून घ्यायची, पोहायला पिटाळायची, पहाटे उन्हाची भरपाई म्हणून मोठा पांढरा दिवा लावून त्याच्यासमोर ठेवायची आणि कोणी विचारलं की सांगायची, “थकलाय जरा.”

या वर्षी हेर्दिस नव्हती. त्यांची मुलगी ऊना हिला जुळी झाली होती, तीही वेळेच्या बरीच आधी, आणि हेर्दिस डिसेंबरच्या सुरुवातीलाच तिच्या मदतीला राजधानीत, रेक्याविकला गेली होती.

ती गेली त्या आठवड्यापासून गावात वस्तू बिघडायला लागल्या.

सगळ्यांत जास्त बिघाड स्वानबोर्गच्या घरी. स्वानबोर्ग शहात्तर वर्षांची. तिचं आयुष्य गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं, आणि एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला तरी कुणाच्या घरी काय चाललंय हे तिलाच आधी कळायचं. आधी तिचा मिक्सर बिघडला. मग कपाटाची बिजागरी. मग रेडिओ गुरगुरायला लागला.

“हा रेडिओ गुरगुरत नाहीये,” टोर्फी म्हणाला होता.

“तू आलास की गप्प बसतो. तुला घाबरतो तो. बस, सूप गरम आहे.”

“मी जेवून आलोय.”

“काय जेवलास?”

टोर्फीला आठवेना. तिने वाटी पुढे सरकवली.

केटिलच्या फ्रीझरनंतर दोनच दिवसांनी चर्चमधून फोन आला. तिथला हीटर बंद पडला होता. टोर्फी गेला. हीटरचं झाकण काढलं तर आतला एक बोल्ट जागेवर नव्हता. शोधायला लागला तर बोल्ट समोरच्या बाकावर, पांढऱ्या रुमालावर, अगदी मधोमध ठेवलेला. शेजारी योरुन उभी होती. योरुन आमची पाद्री. चाळिशीची आहे, उंच आहे, आणि कानापर्यंत लाल झाली होती.

“हा कोणी काढला?” टोर्फीने विचारलं.

“टोर्फी, मला काही विचारू नकोस.”

“योरुन.”

“मला खोटं बोलता येत नाही. मी स्वानबोर्गला आधीच सांगितलं होतं, बोल्ट काढीन, पण मला बोलायला लावू नकोस.” ती बाकावर बसली. “हेर्दिसने तिला फोन केला होता. तू एकटा बसू नयेस म्हणून. मग स्वानबोर्गने सगळ्यांना वार वाटून दिले. माझा बुधवार.”

टोर्फीने बोल्ट बसवला. झाकण लावलं. हीटर चालू करून त्याच्यापुढे हात धरून बघितला. मग म्हणाला, “सगळ्यांना म्हणजे?”

योरुनने बाकावरचा रुमाल उचलून त्याची बारीक घडी घातली. तेच उत्तर होतं.

घरी जाऊन त्याने हेर्दिसला फोन लावला. मागे एक बाळ रडत होतं आणि दुसरं रडायच्या बेतात होतं.

“तू माझ्यावर पहारा बसवलास,” तो म्हणाला.

“हो.”

“अख्ख्या गावाला सांगितलंस.”

“गावाला मी काय सांगणार? गावाला माहीतच होतं. गेली वीस वर्षं मी ‘थकलाय’ म्हणतेय आणि लोक ‘बरं’ म्हणतायत. त्यांना काय डोळे नाहीत?” मग आवाज खाली आला. “टोर्फी, माझ्या दोन्ही मांड्यांवर पोरं आहेत. तिसऱ्याची काळजी लांबून करायची तर माणसं लागतात मला.”

“मी पोर नाहीये.”

“नाहीयेस. पोरं निदान रडून सांगतात.”

त्याने फोन ठेवला. त्याला राग आला होता असं तो स्वतःला सांगत होता, पण तो राग नव्हता. इतकी वर्षं जे त्याने दार लावून, पडदे ओढून, दोघांत जपलं होतं, ते केटिलला माहीत होतं, योरुनला माहीत होतं, कारखान्यात मासे कापणाऱ्या पोरींना माहीत होतं. ते त्याच्याकडे बघून त्याच्या मागे मान हलवत असतील, असं त्याला वाटलं. तसं कोणी करत नव्हतं. पण त्या दिवसांत त्याला जे वाटायचं ते असंच वाटायचं.

त्याने फोन उचलणं बंद केलं. स्वानबोर्गचे तीन फोन आले, मग दोन, मग एक. शनिवारी तो पलंगावरून उठला नाही. रविवारी दुपारी उठला, एक मोजा घातला आणि दुसरा हातात धरून बराच वेळ बसून राहिला. सोमवारी कामावर गेला, कारण यंत्रं थांबली तर मासे सडतात, आणि मासे काही थकवा बिकवा ऐकून घेत नाहीत.

ख्रिसमस त्याने कारखान्यातल्या रात्रपाळीवाल्याला सुट्टी देऊन, त्याच्या जागी कामावर काढला. गावाने त्याच्या दारात स्मोक केलेलं मटण, बटाटे आणि तीन प्रकारचे केक ठेवले. केक त्याने खाल्ले. आभार मानले नाहीत.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तो दूध घ्यायला केटिलकडे गेला. केटिलने पिशवी भरताना सहज म्हटलं, “स्वानबोर्ग रुसलीय वाटतं तुझ्यावर.”

“रुसू दे.”

“तुझ्यावर रुसली ते ठीक आहे रे, पण माझ्यावर का? दूध नेलं नाही. पेपर नेला नाही. काल फोन केला तर म्हणाली, काही नको. स्वानबोर्ग आणि काही नको? मला वाटलं चुकीचा नंबर लागला.”

टोर्फीला ते ऐकून बरंच वाटलं. आपण तिला चार शब्द सुनवायचे राहिले आहेत हे त्याला आठवलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला कुठेतरी जावंसं वाटलं. तो दूध हातात घेऊन थेट तिच्या घराकडे निघाला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं. मी काही लहान मूल नाही. मला कोणाची दया नको. आणि तुझा रेडिओ कधीच गुरगुरत नव्हता.

दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. पण घरात कॉफीचा वास नव्हता. रेडिओ बंद होता. स्वयंपाकघरातला दिवा बंद होता. आतल्या खोलीत स्वानबोर्ग भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती, भर दुपारी, अंगात झोपायचा झगा आणि त्यावर स्वेटर.

“कोण?”

“टोर्फी. भांडायला आलोय.”

“उद्या ये.”

टोर्फी दारातच थांबला. तो आवाज त्याला ओळखीचा होता. स्वानबोर्गचा म्हणून नव्हे. तो त्याचाच आवाज होता, हेर्दिस जेवायला बोलवायची तेव्हाचा. त्यात ‘नाही’ नसायचं आणि ‘हो’ पण नसायचं.

त्याने दुधाची पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसला. ठरवलेलं सगळं भाषण कुठे गेलं कोण जाणे.

“केव्हापासून?” त्याने विचारलं.

“काय केव्हापासून?”

“हेच.”

तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. मग भिंतीशीच बोलली. “एक्स्चेंज बंद झालं तेव्हापासून. दर हिवाळ्यात. पण मी त्याला वर येऊ देत नाही. लोकांच्या घरात नाक खुपसत राहिलं की बरं असतं. यंदा तर फार छान चाललं होतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आज टोर्फीसाठी काय मोडायचं. कुणाला कुठला वार द्यायचा. केटिल विसरतो, त्याला आठवण करायची. योरुनला धीर द्यायचा. डिसेंबर कसा गेला कळलं नाही.” ती थांबली. “मग तू फोन उचलेनास. मला काही कामच उरलं नाही.”

“म्हणजे मी तुझं काम होतो.”

“फार चांगलं काम होतास.”

टोर्फी हसला. घशातून कसलातरी आवाज आला आणि तो हसण्याचा निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. स्वानबोर्गने मान वळवून बघितलं.

“त्यात हसण्यासारखं काय आहे?”

“काही नाही. मला वाटायचं, मी एकटाच.” आणि मग त्याने तिला सांगितलं, जे त्याने हेर्दिसलाही शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. लोकरीतून येणाऱ्या आवाजांचं. पेपरातल्या त्या ओळीचं. ओट्याजवळ उभं राहण्याचं. “सकाळी एक मोजा घालतो,” तो म्हणाला, “आणि दुसरा हातात घेऊन बसतो. घालता येत नाही असं नाही. पण का घालायचा, ते आठवत नाही.”

“माझा दुसरा सापडतच नाही,” स्वानबोर्ग म्हणाली.

खिडकीबाहेरचं निळं आता काळं होत चाललं होतं. टोर्फीने उठून दिवा लावला नाही. हेर्दिस एकदम दिवा लावायची आणि त्याला ते आवडायचं नाही.

“ऊठ म्हटलं तर उठशील?”

“नाही.”

“मग काय म्हणू?”

“काहीतरी बिघडलंय म्हण.”

टोर्फीने विचार केला. “हेर्दिसच्या कुंड्या,” तो म्हणाला. “सगळ्या माना टाकून बसल्यात. मी पाणी घातलं तर एकीची पानं पिवळी झाली, नाही घातलं तर दुसरीची गळली. ती आली की मला घराबाहेर काढेल.”

“खरंच सुकल्यात? की बनवतोयस?”

“खरंच. तुम्ही सगळ्यांनी एवढं मोडलंत, पण त्या कोणी मोडल्या नाहीत. मीच मोडल्या.”

स्वानबोर्ग उठून बसली. तिचे केस एका बाजूने चपटे झाले होते. “जिरेनियमला किती पाणी घातलंस?” तिने विचारलं.

“किटली भरून.”

“अरे देवा,” ती म्हणाली आणि पाय पलंगाखाली घालून चपला शोधायला लागली.

त्यानंतर दोघं रोज दुपारी, उजेडाचा तो तुकडा असेल तेव्हा, गावच्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागली. टोर्फी जेवणाची सुट्टी तेवढी लांबवून घ्यायचा. पोहायची थोडं, आणि मग उघड्यावरच्या गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसायची, डोक्यावर लोकरी टोप्या घालून, टोप्यांवर बर्फ पडत असताना. लोकांनी पहिल्या दिवशी जरा जास्तच सहजपणे जागा करून दिली.

“हिमवादळ येणार म्हणतात,” कोणीतरी म्हणालं.

“येऊ दे,” स्वानबोर्ग म्हणाली. “मी टोर्फीशी बोलत नाहीये, वादळाशी बोलेन.”

“का बोलत नाहीयेस?”

“त्याने जिरेनियम बुडवून मारलं.”

“मेलं नाही ते,” टोर्फी म्हणाला. “एक पान आलंय.”

“पान नाही, ती बुरशी आहे.”

टाकीतली माणसं हसली, आणि त्या दिवसापासून कोणी उगाच सहजपणा दाखवला नाही.

सगळेच दिवस असे नव्हते. कधी स्वानबोर्ग यायची नाही, मग तो तिच्या दारात उभा राहून हाका मारायचा. शिव्या येईपर्यंत थांबायचा. शिव्या आल्या की समजायचं, उठेल. कधी तोच पडून राहायचा. मग ती दार न ठोठावता आत शिरायची, स्वयंपाकघरात भांडी आदळायची आणि मोठ्याने म्हणायची, “या घरात चमचे कुठे ठेवतात ते सांगायला कोणी जिवंत आहे का?” चमचे कुठे आहेत ते तिला चांगलं माहीत होतं.

एके दिवशी टाकीत दोघंच असताना ती म्हणाली, “आपण डॉक्टरकडे जाऊ.”

“कशाला? चाललंय की बरं.”

“मी शहात्तरची आहे. दर हिवाळ्याला तुझ्या दारात भांडी आदळायला मी पुरणार नाही.”

“मी काही आजारी नाही, स्वानबोर्ग.”

“कारखान्यातलं यंत्र दर वर्षी त्याच महिन्यात बंद पडलं तर तू काय म्हणशील? थकलंय?”

टोर्फीने टोपी काढली, बर्फ झटकला, पुन्हा घातली. “आधी त्या यंत्राशी थोडं बोलतो,” तो म्हणाला.

“आणि मग?”

“मग उघडून बघतो.”

“मग झालं तर.”

डॉक्टर बोगद्यापलीकडच्या मोठ्या गावात बसायची. तिच्याकडे दोघांना एकापाठोपाठ मिळेल अशी मोकळी वेळ होती ती नेमकी सूर्य परत यायच्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे कोणी गाव सोडत नाही. दुपारी डोंगराच्या खाचेतून ऊन काही मिनिटं मुख्य रस्त्यावर उतरतं, सगळे बाहेर येऊन उभे राहतात, आणि मग शाळेच्या हॉलमध्ये कॉफी आणि क्रीम लावलेले पातळ पॅनकेक असतात. ढग असले तरी लोक उभे राहतात. त्या वर्षी आकाश धुतल्यासारखं होतं.

“दुसरा दिवस मागू,” टोर्फी म्हणाला.

“दुसरा दिवस मागितलास की तू जाणार नाहीस,” स्वानबोर्ग म्हणाली. “आणि मीही.”

म्हणून गाव जेव्हा रस्त्यावर तोंड वर करून उभं होतं तेव्हा ती दोघं एका पिवळ्या भिंतींच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. आधी टोर्फी आत गेला. डॉक्टर तरुण होती, हळू बोलत होती. तिने विचारलं ते सगळं त्याने सांगितलं. मोज्याचं सांगताना त्याला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. ती म्हणाली, याला आजार म्हणतात, आणि यावर उपाय आहेत. दिवा, औषध, बोलणं. पुढच्या वर्षी दिवस लहान व्हायला लागले की लगेच या, बुडायची वाट बघू नका. इतकं साधं ते सांगणं होतं, की बाहेर आल्यावर टोर्फीला काय वाटावं तेच कळेना. वीस हिवाळे डोळ्यांपुढून गेले, हेर्दिसने त्याचा कोट काढून घेतलेले.

मग स्वानबोर्ग आत गेली. ती बरीच उशिरा बाहेर आली, ओठांना नव्याने लाली लावलेली.

“काय म्हणाली?”

“विचारत होती, आनंद कशात वाटतो. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या भानगडीत. लिहून घेतलं तिने.”

बोगद्यातून ती दोघं बाहेर पडली तेव्हा काल्दाविकवर सावली परत आली होती. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर फक्त एक पिवळा पट्टा राहिला होता, आणि बघता बघता तोही अरुंद झाला. टोर्फीने गाडी हळू केली. 

शाळेच्या हॉलमध्ये मुलं दमून टेबलांखाली खेळत होती. केटिलने कोपऱ्यातल्या बाकावर दोघांना बसवलं आणि उरलेले पॅनकेक आणून ठेवले. ते गार झाले होते, कडा जरा वातड.

“चुकवलंत की,” केटिल म्हणाला. “यंदा सूर्य अगदी शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. कुठे गेला होतात आजच्या दिवशी?”

स्वानबोर्गने टोर्फीकडे बघितलं. ती बोलली असती. असल्या वेळी काय सांगायचं ते तिला फार छान जमायचं.

“डॉक्टरकडे,” टोर्फी म्हणाला. “हिवाळ्यात माझं मन बुडतं. तू जाणतोसच. त्याचं औषध घ्यायला गेलो होतो.”

केटिलने क्रीमचा वाडगा जवळ ओढला. मग त्याने टोर्फीच्या पॅनकेकवर क्रीम घातलं, भरपूर, एक चमचा आणि वर आणखी एक, आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

टोर्फी खायला लागला. पॅनकेक गार होता पण गोड होता, आणि गोड आहे हे त्याला कळलं.

योरुन कॉफीची किटली घेऊन आली. तिने स्वानबोर्गचा कप भरला, टोर्फीचा भरला, आणि किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. हॉलमध्ये खूप आवाज होता. ती खाली वाकली आणि कपाकडेच बघत म्हणाली, “त्या डॉक्टरकडे वेळ मिळायला फार थांबावं लागतं का?”

टोर्फीने चमचा खाली ठेवला. कोणासाठी, असं दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. स्वानबोर्गने बाकावर ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि योरुनला बसता येईल इतकी सरकून बसली.